रोलप्ले गेमचा क्लास काढू नका, वाचनालयात एक टेबल द्या

मध्यंतरी व्हॉट्सअॅपवर एका उन्हाळी शिबिराची जाहिरात आली. मुलांसाठी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, वय आठ ते बारा, आणि खाली बरोबरच्या खुणा करून यादी, टीमवर्क, लीडरशिप, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग, चारचौघांत बोलायची भीती जाणार, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट. आधी मला आनंदच झाला, की चला हा खेळ आपल्याकडे मुलांपर्यंत पोचतोय, मग ती यादी परत वाचली आणि चिंता वाटायला लागली. मी रविवारी मुलांना हे खेळ खेळवते, बहुतेक सगळी पहिल्यांदाच खेळणारी असतात, आणि माझं ठाम मत झालंय की हा खेळ बिघडवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्याचा क्लास करणं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच मुलं टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, एक जण गेम मास्टर असतो. तो सांगतो की तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय, आणि विचारतो "तुम्ही काय करता?" मुलं सांगतात. जे सहज होण्यासारखं आहे ते होतं, जे होईल की नाही याची खात्री नाही त्यासाठी फासे टाकायचे. बोर्ड लागतोच असं नाही, सोंगट्या लागतात असंही नाही, कुणी एकटा जिंकत नाही. भातुकली खेळलेल्या कुठल्याही मुलाला यातलं अर्धं आधीच येत असतं, फक्त इथे फासे आहेत आणि "असं नाही झालं, तसं झालं" यावरून भांडण झालं तर निकाल द्यायला एक माणूस आहे.

आणि हा खेळ मुलांसाठी नव्हताच, आपण तो उगाच खाली ओढतोय, असं काही जाणकार खेळाडूंना वाटतं ते मला पटत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स, या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ, १९७४ साली बाजारात आला, पण त्याच्या आधी, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात, डेव्ह आर्नेसनचा खेळ बघून गॅरी गायगॅक्सने (याच दोघांनी पुढे तो खेळ बनवला) १९७२ च्या शेवटाला खेळासाठी स्वतःचं पहिलं भुयार कागदावर काढलं तेव्हा त्यात सगळ्यात आधी उतरले ते त्याचा मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस. दोघांनी भुयारात कोबोल्ड नावाचे छोटे राक्षस मारले, हिंडले, आणि शेवटी त्यांना एक पेटी सापडली, तीन हजार तांब्याच्या नाण्यांची. ती एवढी जड की उचलता येईना. हिरमुसली बिचारी.

मला ही पेटी फार आवडते. बघा ना, बापाच्या मनात मुलांना गणित शिकवायचं नव्हतं, लोभ वाईट हेही शिकवायचं नव्हतं. पेटी जड आहे कारण तीन हजार नाणी जडच असणार, बस. आता तुम्ही काय करता? मुलं झोपायला गेल्यावर तो त्याच रात्री भुयाराचा दुसरा मजला काढायला बसला म्हणतात. खेळ चालला की असं होतं, खेळवणाऱ्यालाही पुढे काय ते जाणून घ्यायचं असतं.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. आपली मुलं दिवसभर अशा मोठ्या माणसांमध्ये असतात ज्यांना प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत असतं. शाळेत बाईंना माहीत असतं, ट्यूशनला सरांना माहीत असतं, घरी आईने "तुला काय वाटतं?" विचारलं तरी तिला काय ऐकायचंय ते मुलाला कळतं. त्यामुळे आठ-नऊ वर्षांचं मूल समोरच्याच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखण्यात पटाईत झालेलं असतं. रोलप्ले गेमच्या टेबलावर त्याला पहिल्यांदा असं मोठं माणूस भेटतं जे प्रश्न विचारतंय आणि त्याला खरंच उत्तर माहीत नाही. पूल तुटलाय, खाली नदीला पाणी आहे, पलीकडे दिवा दिसतोय, तुम्ही काय करता? मी काहीच ठरवून आणलेलं नाही. हे मुलांना पटायला वेळ लागतो, पहिला अर्धा तास ती माझ्या तोंडाकडे बघत असतात, "ताई, पोहून जायचं का?" म्हणजे बरोबर उत्तर पोहून जाणं आहे का. मी म्हणते, जायचं तर जा, पाणी जोरात आहे. मग एकदम कुणाला तरी कळतं की ही खरंच आपल्यालाच विचारतेय, आणि तिथून पुढे त्यांना थांबवणं कठीण जातं.

आता याच टेबलावर मूल्यशिक्षण आणा. खरं बोलणाऱ्याला जादूची तलवार, वाटून खाणाऱ्याला जास्त पॉइंट, भांडणाऱ्याचा एक हार्ट कमी. पाच मिनिटांत मुलांना वास येतो. ती परत शाळेतली मुलं होतात, गोड बोलतात, सगळं वाटून घेतात, ड्रॅगनला सॉरी म्हणतात, आणि आपण खूश होतो की किती छान परिणाम झाला. परिणाम एवढाच झाला की त्यांनी परत एकदा आपल्याला काय हवंय ते ओळखलं. खेळणाऱ्यांच्या भाषेत याला रेलरोडिंग म्हणतात, म्हणजे मास्टरने आधीच रूळ टाकून ठेवलेत आणि खेळाडूंनी फक्त डब्यात बसायचं. मोठ्यांच्या टेबलावर कुणी असं केलं की लोक कुरकुर करतात, उठून जातात. मुलं उठून जात नाहीत, त्यांना सवय असते, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

नियमांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण नवीन लोक तिथेच अडतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीत नुसतं खेळाडूंचं पुस्तक ३२० पानांचं आहे. ते घेऊन नऊ वर्षांच्या मुलासमोर बसलात आणि पहिला तास कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, भरण्यात घालवलात की संपलं. ही अडचण आजची नाही. मूळ १९७४ च्या तीन पुस्तिका एवढ्या गोंधळाच्या होत्या की एरिक होम्स नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने, युनिव्हर्सिटीत शिकवणारा माणूस, स्वतःहून खेळ काढणाऱ्या कंपनीला सांगितलं की नवशिक्यांसाठी मी नीट लिहून देतो, आणि १९७७ ला त्याची ४८ पानांची सोपी पुस्तिका आली. १९८१ च्या बेसिक सेटवर, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या डब्यावर, तर वय दहा आणि पुढे असं छापलेलंच होतं. म्हणजे मुलांसाठी नियम छाटणं हा खेळाचा अपमान वगैरे काही नाही, ते पहिल्यापासून चालत आलंय.

मी तर अजून छाटते. या खेळात वापरतात तो वीस बाजूंचा फासा मागवायची गरज नाही, लुडो किंवा सापशिडीच्या डब्यातले साधे दोन फासे घ्या. दोन्ही टाका, बेरीज करा. सहा किंवा कमी आलं तर फसलं आणि काहीतरी अडचण येते, सात ते नऊ म्हणजे जमलं पण काहीतरी गडबड झाली, दहा किंवा जास्त म्हणजे मस्त जमलं. ही पद्धत माझी नाही, २०१० पासून इंडी गेमवाल्यांत, म्हणजे स्वतंत्रपणे छोटे खेळ काढणाऱ्यांत, चांगलीच रुळलीय. दोन फाशांच्या ३६ शक्यता, त्यातल्या १५ मध्ये फसतं, १५ मध्ये अर्धवट जमतं, ६ मध्ये पूर्ण जमतं. मुलाच्या पात्राला जे चांगलं येतं, चढणं, लपणं, प्राण्यांशी बोलणं, त्यासाठी बेरजेत एक मिळवायचा, की ते १०, १६ आणि १० होतं. नुसत्या एका मिळवल्याने एवढा फरक पडतो हे मी कुणाला सांगत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी कुणीतरी आपणहून मला सांगतं.

मधला तो सात ते नऊचा भाग तर मुलांसाठी सोन्यासारखा आहे. फक्त जमलं किंवा नाही जमलं एवढंच ठेवलं तर नाही जमल्यावर मूल गप्प होतं, पुढचा भिडू बोलतो, गोष्ट पुढे सरकत नाही. "जमलं पण" म्हटलं की सगळे पुढे वाकतात. दोरीवरून पलीकडे गेलास पण पिशवी नदीत पडली. पिशवीत काय होतं रे? इथे मी त्यालाच विचारते आणि तो अशी काही वस्तू सांगतो की पुढचा पाऊण तास ती शोधण्यात जातो.

हरण्याबद्दल. गल्लीत खेळताना सगळ्यात लहान भावंडाला आपण लिंबूटिंबू करतो, तो धावतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो आऊट होत नाही, आणि थोड्या वेळाने त्याला कळतं की आपण यात नाहीच आहोत आणि तो रडत घरी जातो. प्रेमळ मोठी माणसं मुलांना खेळवताना सगळ्या टेबललाच लिंबूटिंबू करून टाकतात. फासे वाईट पडले तरी सांभाळून घेतात, राक्षस वेळेवर पळतो, दरवाजा आपोआप उघडतो. प्लीज असं करू नका. मी पात्र मारत नाही, निदान न विचारता नाही, पहिल्याच दिवशी विचारून घेते की पात्र मेलं तर चालेल का, आणि बहुतेक वेळा एखाद्याला नको असतं, मग नाही. पण मरण सोडून बाकी सगळं होऊ शकतं. कंदील विझतो, पकडले जाता, ज्या म्हातारीला शब्द दिला होता ती वाट बघून निघून जाते. पडलेला फासा पडला. तेवढा मान मुलांना द्यायलाच हवा, नाहीतर त्यांच्या जिंकण्यालाही काही अर्थ उरत नाही.

पालकांचा हमखास प्रश्न असतो मारामारीचा. बरोबर आहे, नवीन मुलांच्या टेबलावर पहिलं वाक्य शंभर टक्के "मी त्याला मारतो" हेच असतं, मुलींचंही, त्यात काही फरक नाही. माझं म्हणणं, मारू दे की. फक्त समोरचाही माणूस आहे, त्यालाही जीव प्यारा आहे, हे खेळात दिसू दे. जुन्या लोकांनी यासाठी फार छान नियम केले होते. १९८१ च्या त्याच बेसिक सेटमध्ये राक्षस भेटला की आधी दोन फासे टाकून त्याचा मूड बघायचा, आणि तो थेट हल्ला करणार फक्त दोन आलं तरच, म्हणजे ३६ मध्ये एकदा. मधले आकडे आले तर त्याचं काही ठरलेलं नाही, बारा आलं तर चक्क दोस्ती. शिवाय लढाई अंगावर आली की राक्षस पळतात का, शरण येतात का, त्याचेही फासे होते, आणि अनुभवाचे पॉइंट मारण्यापेक्षा खजिना बाहेर आणण्याचे जास्त मिळायचे. याचा परिणाम काय होतो ते आमच्या टेबलावर दिसतं, पहारेकऱ्याच्या अंगावर धावून जाणारी मुलं थोड्या दिवसांनी त्याला विचारतात की तुझी ड्युटी कधी संपते, जेवलास का. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. त्यांनी मारून बघितलेलं असतं आणि बोलूनही बघितलेलं असतं, आणि बोलण्यात जास्त मजा आहे हे त्यांचं स्वतःचं मत झालेलं असतं.

भीतीचा अजून एक इतिहास आहे, तो आपण माहीत करून घ्यायला हवा कारण तो आपल्याकडेही व्हायला वेळ लागणार नाही. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला १६ वर्षांचा एक विद्यार्थी नाहीसा झाला. पेपरवाल्यांनी ठरवून टाकलं की तो हा खेळ खेळता खेळता युनिव्हर्सिटीखालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला. खेळाचा संबंध नव्हता, ते पोर मनाने फार खचलेलं होतं. पुढे १९८३ मध्ये, मुलगा आत्महत्येत गमावलेल्या एका आईने या खेळाविरुद्ध संघटनाच काढली, खेळ सैतानी आहे म्हणून टीव्हीवर चर्चा झाल्या, कितीतरी घरांत पुस्तकं फेकून दिली गेली. त्या आईच्या दुःखाबद्दल मला काही बोलायचं नाही. पण त्या सगळ्या वर्षांत खचलेल्या मुलांकडे बघायचं सोडून लोक पुस्तकातल्या राक्षसांकडे बघत बसले. आपल्याकडे हा खेळ बंद दाराआड, महागड्या शिबिरात, इंग्रजीत चालू राहिला तर एखाद्या वाईट घटनेनंतर हेच होईल. उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा खेळला गेला तर आजी पण येऊन बसेल आणि म्हणेल, बरं मग, पुढे काय झालं?

घाबरण्यासारखं टेबलावर काही आलंच तर त्यासाठीही सोय हवी, हे मी हलक्यात घेत नाही. गेमर लोकांत एक्स कार्ड नावाची पद्धत आहे, जॉन स्टाव्हरोपोलोसने काढलेली, टेबलावर फुली मारलेलं एक कार्ड ठेवायचं, कुणाला काही नको वाटलं तर त्याने त्याला हात लावायचा, आणि कारण न विचारता तो भाग सोडून द्यायचा. आमच्याकडे मुलं "टाइम प्लीज" म्हणतात, काम तेच. अट एकच, का म्हणून कुणी विचारायचं नाही, मी पण नाही. एकदा एका मुलीने कुत्रा जखमी झाल्यावर टाइम प्लीज घेतली, आम्ही कुत्रा बरा केला आणि पुढे गेलो, इतकं साधं आहे ते.

भाषेबद्दल माझा आग्रह आहे, खेळ मराठीत व्हावा. मराठी वाचवा म्हणून नाही म्हणत मी, आमची मुलं इंग्लिश मीडियमची, हिंदी-मराठी-इंग्रजी सगळं मिसळून बोलतात आणि मी काहीही दुरुस्त करत नाही. पण इंग्रजीत खेळवलं की ज्याचं इंग्रजी चांगलं त्याचंच पात्र हुशार ठरतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि इंग्रजी नियमांचे तक्ते पुढ्यात ठेवले की बाकीचे मान खाली घालतात. कायद्याची तर अजिबात अडचण नाही, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या आवृत्तीचे पायाभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आलेत, श्रेय द्या आणि भाषांतर करा, विका सुद्धा. कुणीतरी चार पानांची मराठी पुस्तिका करायला घेतली तर मी स्वतः बसून मदत करीन.

गोष्ट घडायची जागा म्हणाल तर परदेशी कथांतल्या एल्फचं जंगल कशाला पाहिजे. आपल्याकडे दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात, बुरूज, टाकं, चोरवाट, वर मावळे मांडलेले, अळीव पेरून हिरवळ. तो चार दिवस नुसता बघायला असतो, मग मोडतो. त्याच किल्ल्याशेजारी फासे घेऊन बसा ना, याहून चांगला नकाशा जगात कुठल्या कंपनीने विकलेला नाही. फक्त किल्ल्याला खरं नाव देऊ नका. खऱ्या गडाचं नाव आलं की महाराज येतात, महाराज आले की मुलं सावरून बसतात कारण पुढे काय झालं ते पुस्तकात लिहिलेलं आहे आणि चुकायची भीती वाटते, आणि मोठ्यांच्या भावना पण असतात, त्या असणारच. नाव नसलेला, पडका, कुणाचा ते माहीत नसलेला किल्ला घ्या, तिथे मुलं मोकळी होतात.

आता समोरून कुणी म्हणेल की या खेळातून शिकवता येतंच की. येतं, मी नाकारत नाही. डेन्मार्कमध्ये होब्रो गावात ओस्टरस्कोव्ह नावाची निवासी शाळा २००६ पासून रोलप्लेवरच चालते, सगळे विषय त्यातून. पण ती पूर्ण शाळा आहे, शिक्षक दिवसरात्र तेच काम करतात, मुलं त्यासाठी राहायला येतात. आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवायचं म्हटलंय, त्यात कुठल्या शाळेने हा खेळ घेतला तर मी आनंदाने जाईन, फक्त मार्क नकोत, प्रोजेक्ट नको, "आजच्या खेळातून मी काय शिकलो" हा निबंध तर नकोच नको. मुलांच्या आठवड्यात अशी एक जागा राहू दे जिथून काहीही सिद्ध करून घरी न्यायचं नाहीये.

ती जागा मला वाचनालयात दिसते. सध्या मी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये खेळवते आणि तिथे मला रोज टोचतं की गेटच्या आतलीच मुलं येतात. वॉचमनची मुलगी खिडकीतून बघते, तिला आत घेतलं तर चार जणांच्या भुवया वर जातात. शिबिरात तर फी आहेच. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव अ, ब, क, ड वर्गाची अनुदानित वाचनालयं आहेत, कित्येकांत बालविभागाचं कपाट आहे आणि त्यापुढे रिकामी बाकं. अमेरिकेत कितीतरी सार्वजनिक वाचनालयं टीनएजर मुलांसाठी हे खेळ ठेवतात, आणि त्यात पुस्तकांना काही धोका झालेला नाही. खर्च बघा, दोन फासे, पाठकोरे कागद, पेन्सिली. एका टेबलाला चार, फार तर पाच मुलं, दीड तास, मध्ये खाऊ. दार उघडं, खोलीत दोन मोठी माणसं, पालकांना बसायचं तर बसू दे पण टेबलापासून लांब, आणि मुलाला उत्तर सुचवायचं नाही. ही शेवटची गोष्ट पालकांना सगळ्यात जड जाते.

खेळवायला माणसं कुठून आणायची? पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात कॉलेजची कितीतरी पोरं हे खेळ ऑनलाइन रात्र रात्र खेळतात, त्यांना महिन्यातून एक रविवार मागा. काही येतील. त्यांना अट एकच सांगा, आपली गोष्ट घरी ठेवून या.

मी आमच्या भागातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला पत्र दिलंय, पुढच्या सभेत विषय घेतो म्हणालेत. जागा फुकट मागितलेली नाही, लाइटचे पैसे आम्ही वर्गणी काढून देऊ असं लिहिलंय, ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेणार नाही. मुलांना सभासद असण्याची सक्ती नसावी अशी विनंती केलीय. आणि बाहेरच्या फळ्यावर "खेळ" एवढंच लिहा, "व्यक्तिमत्त्व विकास" असं लिहू नका, हे मी पत्रात खाली अधोरेखित करून लिहिलंय.